दोन चुलींचा जमाखर्च

संसार मोडल्याची वार्ता आमच्याकडील गांवांत पसरावयास अर्धा दिवस पुरतो. दोष कोणाचा यावर दुसऱ्याच दिवसापासून पारावर, बसथांब्यावर आणि अलीकडे मोबाईलवर निकाल सुरू होतात. सासूचा स्वभाव, मुलाची संगत, सुनेचें बोलणें, यांपैकीं कोणतीहि बाजू अनुक्त राहत नाहीं. एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं. उद्यांपासून त्या बाईच्या घरांत पीठ कोठून येणार आणि मुलांच्या शाळेचे पैसे कोण भरणार, हा तो प्रश्न होय. मरणाच्या घरीं चार दिवस शेजारचा डबा येतो. मोडलेल्या घरीं फक्त सल्ला येतो.

आम्ही धंद्यानें इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. हिशेब हा आमचा प्रांत नव्हे, असें आमच्या विद्यार्थ्यांप्रमाणेंच घरच्या मंडळींचेंहि मत आहे. परंतु ज्या वाङ्मयावर आम्ही पोट भरतों, त्याचा एक गुण आम्हांस नेहमींच आवडत आला आहे. जेन ऑस्टेन हिच्या १८१३ सालच्या प्रसिद्ध कादंबरींत नायक नाचाच्या दालनांत शिरतो न शिरतो तोंच त्याचें दहा हजार पौंडांचें वार्षिक उत्पन्न सर्वांच्या तोंडीं होतें. ही बाई पैशाची गोष्ट लपवीत नाहीं. आमच्याकडेहि लग्न जुळवितांना पगार, एकर आणि तोळे मोजले जातात. पण लग्न मोडतांना तीच मोजदाद करूं लागलेली स्त्री लोभी ठरते. जोडतांना जो व्यवहार, तोच तोडतांना हांव कसा होतो, हें कोडें आम्हांस अद्याप सुटलेलें नाहीं.

बुलढाण्यास मात्र हें कोडें नवें नाहीं. येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरींतील हेडक्लार्क बापूजी हरि शिंदे यांच्या कन्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध पुण्यास छापविला. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. जो दोष स्त्रीच्या माथीं मारावयाचा तो पुरुषाच्या ठायीं कां दिसूं नये, असा त्यांचा रोकडा सवाल. कारकुनाच्या घरांत वाढलेल्या या बाईनें जणूं दोघांचीं खातीं समोरासमोर मांडलीं आणि बाकी काढून दाखविली. ती बाकी लोकांस इतकी अप्रिय झाली कीं पुस्तक विस्मरणांत गेलें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हा प्रकाशांत आणलें.

कायद्यानेंहि आमच्या भागास बरेंच ताटकळत ठेविलें. बडोद्यास सयाजीरावांच्या राज्यांत १९३१ सालीं हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला. मुंबई इलाख्यास तो १९४७ सालीं मिळाला. वऱ्हाड तेव्हां मध्यप्रांताशीं जोडलेलें असल्यामुळें आमचा जिल्हा त्या दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहिला. कांहीं जातींतून काडीमोडीची व सोडचिठ्ठीची रूढि होती. बाकीच्यांना १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याची वाट पाहावी लागली. तो कायदा येऊन आतां सत्तर वर्षें उलटलीं. तरीहि आमच्या गांवोगांवीं अशा कितीतरी स्त्रिया आहेत कीं ज्या नांदत नाहींत आणि सुटलेल्याहि नाहींत. कायद्याच्या दृष्टीनें त्या विवाहित, सासरच्या दृष्टीनें गेलेल्या, आणि माहेरच्या दृष्टीनें ‘सध्यां आलेल्या’. हें ‘सध्यां’ कधीं कधीं वीस वर्षें टिकतें.

आमची भाची अशीच २०२५ च्या उन्हाळ्यांत नऊ वर्षांची मुलगी व पांच वर्षांचा मुलगा यांना घेऊन मेहकरास आमच्या बहिणीकडे आली, ती परत गेली नाहीं. कां, तें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. तीं मुलें उद्यां मोठीं होतील आणि छापलेलें वाचतील. तिचे वडील मागेंच वारले. ती स्वतः पदवीधर व डी. एड. झालेली असल्यामुळें एका खाजगी शाळेंत तिला महिना आठ हजारांची नोकरी मिळाली. बहिणीचें घर स्वतःचें, म्हणून भाडें नाहीं. पण विधवा आईच्या निवृत्तिवेतनावर तीन माणसांनीं किती दिवस जेवावें, यालाहि मर्यादा आहे. पहिल्याच आठवड्यांत आम्हीं तिला एक लांबट वही नेऊन दिली. “मामा, रडून झालें कीं लिहीन,” असें ती म्हणाली; पण त्याच रात्रीं तिनें लिहावयास आरंभ केला होता.

जमेच्या बाजूला दोन रकाने करावे, असें आम्हीं सुचविलें. एक पक्क्या जमेचा व दुसरा कच्च्या जमेचा. पगार हा पक्का. पोटगी, सरकारी अनुदान, भावानें दिवाळीला देऊं केलेले पैसे, हें सर्व हातीं पडेपर्यंत कच्चें. महिन्याचें दूध, गॅस, मुलांची रिक्षा, शाळेची फी यांचा मेळ फक्त पक्क्या जमेशीं घालावयाचा. नव्यानें वेगळें राहूं लागलेल्या माणसाची फसगत येथेंच होते. मिळणार म्हणून ठरलेला पैसा तो मिळाला म्हणून धरतो आणि कर्जांत शिरतो. शिवाय दोन चुलींचें गणितच मुळीं वाईट. एका घराचीं दोन घरें झालीं म्हणजे वीज, गॅस, भांडीं, अंथरुणें हीं दोनदां लागतात; मिळकत मात्र होती तेवढीच राहते. नवऱ्याच्या बाजूलाहि एक चूल पेटत असते, हें न्यायानें म्हटलें पाहिजे. आणि मुलें त्याच्यापाशीं राहिलीं असतील तर हाच सगळा जमाखर्च त्याला लागू पडतो. १९५५ च्या कायद्याचें चोविसावें कलम निर्वाहाचा खर्च मागण्याची मुभा पतीलाहि देतें.

जमाखर्चाच्याहि आधीं कागद येतात. घर सोडतांना बायका कपड्यांची पिशवी भरतात. भरावयास हवी ती कागदांची. विवाहनोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधारपत्रें, बँकेचीं पुस्तकें, सराफाच्या पावत्या, नवऱ्याच्या पगाराचा एखादा कागद, हें सर्व मागाहून मागावयास जावें तर दार उघडत नाहीं. खातें दोघांच्या नांवचें असेल तर एकट्याच्या सहीवर व्यवहार होऊं नये असें बँकेला लेखी कळवावें. विम्यावर व भविष्यनिर्वाह निधीवर कोणाचें नांव लावलें आहे तें पाहावें. दागिन्यांविषयीं तर आमच्या धर्मशास्त्राचा व आधुनिक न्यायाचा एकच कौल आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत स्त्रीधनाची व्याख्या उदार हातानें केली, आणि सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं सांगितलें कीं स्त्रीधन हें बायकोचेंच. तें नवऱ्याच्या कपाटांत असलें तर तो केवळ राखणदार. भाचीनें आपल्या दागिन्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली. किती परत येतील हें ठाऊक नव्हतें. म्हणून तीहि कच्च्या जमेंत गेली.

शिधापत्रिकेची कथा याहून मौजेची आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें घरांतील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख मानली. हेतु उत्तम, स्त्रीच्या हातीं धान्य असावें हा. पण वेगळ्या झालेल्या सुनेला नवी शिधापत्रिका हवी तर जुन्या पत्रिकेंतून नांव कमी झालें पाहिजे, आणि जुन्या पत्रिकेवर प्रमुख म्हणून बहुधा सासूबाई असतात. कायद्यानें स्त्रीला प्रमुख केलें, आणि दुसऱ्या स्त्रीला तिच्या दारीं उभें केलें! आमच्या भाचीचें नांव कमी होण्यास चार महिने गेले. एका कार्यालयांत तिला सांगण्यांत आलें, “नवऱ्याला घेऊन या.” नवरा बरोबर आला असता तर वेगळी शिधापत्रिका कशाला मागितली असती, हें तेथील गृहस्थांच्या ध्यानांत आलें नाहीं.

आतां पोटगी. घटस्फोट मागितल्यावांचून पोटगी मिळत नाहीं, असा समज आमच्या सुशिक्षित शेजाऱ्यांतहि आहे. तो खोटा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचें १२५ वें कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें १४४ वें झालें. आंकडा बदलला, हक्क तोच राहिला. बायको आपण राहते त्या ठिकाणच्या न्यायालयांत अर्ज करूं शकते, आणि मुलांचा हक्क आईबापांच्या भांडणावर अवलंबून नाहीं. केंद्राच्या मूळ कायद्यांत महिन्याला फार तर पांचशें रुपये अशी मर्यादा होती; ती २००१ सालीं काढून टाकण्यांत आली, आणि तात्पुरत्या पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्य तों साठ दिवसांत निकालांत काढावा असें ठरलें. मुसलमान घटस्फोटितेलाहि हाच दरवाजा उघडा आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १० जुलै २०२४ रोजीं पुन्हा स्पष्ट केलें. वकिलाला पैसे नाहींत म्हणून अडून बसण्याचेंहि कारण नाहीं. १९८७ च्या विधि सेवा कायद्यानें स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीहि असो, विनामूल्य वकील मिळतो. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला कीं झालें.

या बाबतींत विदर्भानें सबंध देशास एक देणगी दिली आहे. नागपूरच्या कुटुंबन्यायालयांत एका आईनें व तिच्या लहान मुलानें २०१३ सालीं मागितलेली तात्पुरती पोटगी वरपर्यंत लढत गेली, आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या निमित्तानें सर्व न्यायालयांना नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनीं आपापली मिळकत, मालमत्ता व देणें शपथेवर लिहून द्यावें; आणि पोटगी हुकमाच्या तारखेपासून नव्हे, अर्जाच्या तारखेपासून द्यावी. याचा सरळ अर्थ असा कीं संकोचापायीं अर्ज लांबविणारी आई दर महिन्याला आपल्या मुलांचा पैसा सोडून देत असते. दुसरी तारीख थकबाकीची. थकलेल्या हप्त्यासाठीं वॉरंट हवें तर तो हप्ता देय झाल्यापासून एका वर्षाच्या आंत अर्ज केला पाहिजे. “देतील हळूहळू” असें म्हणून दोन वर्षें वाट पाहणारी स्त्री सज्जन खरी. पण तिच्या सौजन्याची किंमत मुलें भरतात.

राहिलें सरकारी साहाय्य. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रांत १९८० पासून आहे, आणि परित्यक्तेला व पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटितेला तींत स्थान आहे. २०२३ सालीं तिची रक्कम महिना १,००० वरून १,५०० झाली. पण तिला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपयांची. म्हणजे महिन्याला १,७५०. आठ हजार मिळविणारी आमची भाची तेथें श्रीमंत ठरली! २०२४ सालीं ‘लाडकी बहीण’ योजना निघाली. तिची मर्यादा अडीच लाखांची, वय २१ ते ६५, आणि रक्कम तीच, १,५०० रुपये. पहिलीचे पंधराशें घेणारीला दुसरीचे मिळत नाहींत. तिसरी आणि आमच्या मतें सर्वांत कमी माहीत असलेली योजना बालसंगोपनाची. एकट्या पालकाच्या मुलासाठीं अठरा वर्षांपर्यंत दर मुलामागें महिना २,२५० रुपये अशी ती तरतूद आहे. अर्ज महिला व बालविकास कार्यालयाकडे करावयाचा, समाजसेवक घरीं येऊन चौकशी करतो, आणि हुकूम बालकल्याण समितीचा निघतो. दोन मुलांचे साडेचार हजार म्हणजे भाचीच्या पगाराच्या निम्म्याहून अधिक. आणि मेहकरास तिच्या शाळेंतील एकाहि शिक्षिकेला हें ठाऊक नव्हतें. तेही अर्थात् कच्च्या रकान्यांत लिहिले गेले.

‘लाडकी बहीण’चे पंधराशें मात्र नियमानें येऊं लागले होते, म्हणून तिनें ते पक्क्यांत घेतले. सप्टेंबर २०२५ मध्यें सरकारनें प्रत्येक लाभार्थिनीची ओळख आधारवर पुन्हा पटवून घ्यावयाचें ठरविलें. बनावट नांवें गाळावयाचीं, हेतु रास्त. परंतु बाईच्या आधाराबरोबर तिच्या पतीचा अथवा पित्याचा आधारहि मागण्यांत आला, आणि त्यांच्या मोबाईलवर येणारे सहा आंकडे भरल्यावांचून काम पुढें सरेना. पिता स्वर्गवासी, पति हयात, पण न्यायालयांत प्रतिपक्षाच्या बाजूला उभा. पुढें मुदत वाढली, आणि ज्यांचे पति व पिता हयात नाहींत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनीं मृत्यूचा दाखला अथवा न्यायालयाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा अशी सोय झाली. पण आमच्या भाचीपाशीं तसा कागद कोठला? तिचा घटस्फोट झालेला नाहीं. ती नुसती वेगळी झाली आहे.

आम्हीं तिला म्हटलें, “अगं, सहा आंकडेच तर मागावयाचे आहेत. हा त्यांचा उपकार नव्हे, सरकारचा पैसा आहे.”

ती म्हणाली, “मामा, मुलांची पोटगी मी न्यायाधीशासमोर मागितली, ती मान वर करून मागितली. पण हे आंकडे मागायचे तर मला त्यांना फोन करावा लागेल, आणि ते ‘पाहूं’ म्हणतील. त्या ‘पाहूं’साठींच तर मी घर सोडलें.”

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. वर्षाचे अठरा हजार ही तिच्या घरीं लहान रक्कम नव्हे. धाकट्याची सगळी फी तेवढ्यांत निघते. तिचा मान मोठा कीं त्या मुलाची फी, याचा निवाडा मामानें करावयाचा नसतो. तिनें वहींत पक्क्या रकान्यांतील पंधराशें खोडले आणि दुधाचा रतीब अर्ध्या लिटरनें कमी केला. आमच्या मनांत मात्र तेव्हांपासून एक विचार घर करून बसला. ज्या योजनेचें नांव बहिणीवरून ठेविलें, तिनें बहिणीला तिच्या स्वतःच्या नांवानें ओळखूं नये, हें विपरीत आहे.

याच प्रश्नाशीं इंग्लंडांत एका स्त्रीनें आयुष्यभर झगडा केला. एलिनॉर रॅथबोन हिनें १९२४ सालीं ‘वारसाहीन कुटुंब’ अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक लिहून मुलांसाठीं राज्यानें थेट पैसा द्यावा असें मांडलें. १९४५ सालीं कायदा झाला तेव्हां तो पैसा बापाच्या हातीं देण्याचा बेत होता. वयाची सत्तरी ओलांडलेल्या रॅथबोननें पार्लमेंटांत तो हाणून पाडला, आणि पैसा आईच्या हातीं देण्याचें ठरलें. ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या व पुढच्या मुलामागें आठवड्याला पांच शिलिंग मिळूं लागले. तें पाहावयास ती मात्र उरली नव्हती. स्वीडननें त्याहून एक पाऊल पुढें टाकलें होतें. १९३७ सालापासून तेथें बाप पोटगी देत नसेल तर सरकार आगाऊ रक्कम मुलाला देतें आणि मग बापाकडून वसूल करतें. वसुलीचा धाक आणि तगादा सरकारचा. आईनें तगादेदार व्हावयाचें नाहीं. आमच्याकडे थकबाकीसाठीं ती स्वतः न्यायालयाच्या पायऱ्या झिजविते, आणि त्या दिवसाचा तिचा पगार शाळा कापून घेते.

आमच्या महाराष्ट्रांत हें कोणी पाहिलें नाहीं असें नव्हे. निशा शिवूरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८८ सालीं संगमनेर येथें परित्यक्तांची परिषद भरविली, आणि माहेरच्या माजघरांत लपवून ठेविलेला प्रश्न चव्हाट्यावर आणला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ करून शेतकऱ्यांना बायकोच्या नांवें जमीन करून द्यावयास लाविलें. सातबारावर स्वतःचें नांव असलेली बाई माहेरीं परत आली तरी हात हालवीत येत नाहीं, हें त्या चळवळीचें मर्म. आईच्या नांवाचा प्रश्न तर बँकेच्या कागदापासूनच सुटूं लागला. लेखिका गीता हरिहरन यांनीं मुलाच्या नांवें रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यावयाचें ठरविलें तेव्हां बापाची सही मागण्यांत आली. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आई हीहि नैसर्गिक पालक आहे असा निर्वाळा दिला. महाराष्ट्रांत १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नांवापुढें आधीं आईचें नांव लिहिलें जातें. नांवांत झालेला हा पालट अर्जांच्या रकान्यांत मात्र अद्याप उतरलेला नाहीं.

आमची सूचना अगदीं लहान आहे. पोटगीचा किंवा संरक्षणाचा अर्ज न्यायालयानें दाखल करून घेतला, कीं त्या अर्जाच्या क्रमांकावर बाईला ‘स्वतंत्र कुटुंब’ असा एकच दाखला मिळावा. तोच शिधापत्रिकेला, बालसंगोपनाला, ‘लाडकी बहीण’ला आणि शाळेला चालावा. घटस्फोट होण्यास वर्षें लागतात. मुलांना भूक त्याच संध्याकाळीं लागते. आणि त्या दाखल्यावर ‘परित्यक्ता’ हा शब्द नसावा. त्या शब्दांत टाकणारा कर्ता आहे आणि टाकलेली वस्तु आहे. जी स्वतः उठून आली, मुलें घेऊन आली, नोकरी करते आणि रात्रीं वही लिहिते, तिला टाकलेली म्हणणें हें व्याकरणाच्या दृष्टीनेंहि चूक आहे.

भाचीच्या अर्जावर तात्पुरत्या पोटगीचा हुकूम झाला. मुलांचे मिळून सहा हजार, अर्जाच्या तारखेपासून. पहिला हप्ता वेळेवर आला, दुसराहि आला. आतां हे पक्क्यांत घ्यावयास हरकत नाहीं, असें आम्हीं सुचविलें. तिनें वहीवरून मान वर केली नाहीं. “सहा हप्ते ओळीनें येऊं द्या, मामा,” ती म्हणाली, आणि ती रक्कम कच्च्या रकान्यांतच लिहून तिनें दुधाचा हिशेब पुढें सुरू केला.